रुग्ण तयार असल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
वरिष्ठ वैज्ञानिक प्रशिक्षण जागावाटप समिती,
श्रमिक हितवर्धक रुग्णालय,
परळ, मुंबई ४०० ०१२.

अर्जदार: कु. गुणवंती महादेव चिंदरकर, वरिष्ठ वैज्ञानिक, श्वासमापन विभाग.

विषय: पुरस्कृत प्रशिक्षणाच्या उरलेल्या एका जागेसाठी त्याच रुग्णावर फेरप्रात्यक्षिकाची तारीख याच आठवड्यात मिळण्याबाबत, तसेच श्री. आगासकर यांची माघार न स्वीकारण्याबाबत.

संदर्भ: समितीचे पत्र दि. १७ ऑगस्ट १९८७, आणि त्यानंतर तारीख पुढे ढकलल्याची आपली पत्रे. त्यांवर जावक क्रमांक नसल्यामुळे तो येथे देता येत नाही.

महोदय,

१. या रुग्णालयातील वरिष्ठ वैज्ञानिकांसाठी धर्मादाय निधीतून दिल्ली येथील एक वर्षाच्या प्रशिक्षणाच्या दोन जागा यंदा मंजूर झाल्या. आम्ही वरिष्ठ वैज्ञानिक पाच. पहिली जागा रक्तपेढीकडे गेली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. रक्त सर्वांनाच लागते, समितीच्या सदस्यांनाही लागेल. दुसऱ्या जागेसाठी आम्ही चौघे होतो. त्यांपैकी एकाची मुलगी दहावीला होती आणि एकाला दिल्लीची थंडी सोसणार नव्हती, म्हणून शेवटी हृदयआलेख विभागाचे श्री. वसंत आगासकर आणि मी अशी दोन नावे उरली. मी यापूर्वीही अर्ज केले आहेत. एका वर्षी मी अविवाहित असल्याने पुढेमागे लग्न करून नोकरी सोडीन, असे समितीला वाटले. पुढच्या खेपेस मी अजून अविवाहितच असल्याने परगावी एकटीने राहणे बरे दिसणार नाही, असे समितीला वाटले. आता मी चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा समितीच्या दोन्ही चिंता मिटल्या असाव्यात.

२. माझ्या विभागात नेमके काय चालते हे काही सदस्यांना अद्याप ठाऊक नाही, असे प्रात्यक्षिकाच्या दिवशी दिसून आले. म्हणून थोडक्यात लिहिते. रुग्णाने छातीभर श्वास घ्यायचा आणि नळी तोंडात धरून सगळा बाहेर फुंकायचा. यंत्राची लेखणी कागदावर रेघ काढते. धडधाकट माणसाची रेघ झर्रकन वर चढते. ज्याच्या छातीत कापूस बसला आहे त्याची रेघ आडवी, रखडत जाते. माझे बहुतेक रुग्ण लालबाग, परळ, भायखळ्याचे. गिरणीच्या ब्लोरूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ खाल्लेले कामगार. संप मिटला असे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही, पण त्यांचे काम मात्र सुटले ते सुटलेच. छातीच्या विकाराची भरपाई तेवढी मिळू शकते. त्यासाठी भरपाई मंडळाला अहवालावर प्रशिक्षित वैज्ञानिकाची सही लागते. माझे प्रशिक्षण झालेले नाही. म्हणजे रेघ खरी आणि सही कच्ची. मंडळाने माझे अहवाल प्रशिक्षण होईपर्यंत राखून ठेवले आहेत. अहवाल टिकून आहेत, माणसे टिकत नाहीत.

३. समितीने माझ्या यंदाच्या पहिल्या अर्जावर शेरा मारला आहे की, श्वासमापन विभागाची रुग्णसंख्या वर्षागणिक घटत असून प्रशिक्षणाची निकड दिसत नाही. शेरा वस्तुस्थितीला धरून आहे. रुग्ण घटत आहेत कारण ते मरत आहेत. मेलेला माणूस फुंकायला येत नाही, ही विभागाची त्रुटी मानली जाऊ नये.

४. त्यानंतर समितीने ठरवले की दोन्ही उमेदवारांनी प्रत्येकी एक जिवंत रुग्ण आणून समितीसमोर प्रात्यक्षिक द्यावे, आणि ज्याच्या यंत्रावर रुग्णाचा विकार स्पष्ट दिसेल त्याच्या विभागास जागा द्यावी. श्री. आगासकर यांचा रुग्ण म्हणजे आपल्याच उपाहारगृहातील आचारी दत्तू. त्याने फक्त आडवे पडायचे होते, आणि आडवे पडण्यात आपल्या उपाहारगृहातले कुणी आजवर नापास झालेले नाही. श्री. आगासकर मूळचे गिरगावचे. बोलणे मऊ, शर्टाला कडक इस्त्री, आणि समितीच्या बैठकीला घरचे बेसनाचे लाडू. माणूस वाईट नाही, हे मी पुढे सविस्तर लिहिणारच आहे. त्यांच्या चांगुलपणाचा मला झालेला त्रास हा या अर्जाचा एक भागच आहे.

५. माझ्याकडे रुग्ण मिळेना. नळीत फुंकले की उरलासुरला दमही मशीन ओढून घेते, अशी समजूत चाळींमधून पसरली आहे. कारण तपासून गेलेले बरेच लोक पुढे लवकरच गेले. शेवटी मी महादेव विठोबा चिंदरकर, राहणार लालबाग, ब्लोरूममधील माजी कामगार, यांना आणण्याचे ठरवले. हे माझे वडील. या अर्जात यापुढे त्यांचा उल्लेख ‘रुग्ण’ असा केला आहे. त्यांचा जुना अहवाल मीच काढलेला असून त्यातल्या रेघेची माझ्या विभागातील सर्वांत वाईट रेघांमध्ये गणना होते. याहून योग्य रुग्ण मला अख्ख्या गिरणगावात सापडला नसता. रुग्णास मी आदल्या दिवशी बजावले होते की श्वासाच्या गोळ्या खाऊ नका, तोंडात मारायचा पंप वापरू नका, जसे आहात तसे या. साहेब लोक बघणार आहेत आणि माझ्या नोकरीची परीक्षा आहे, एवढेही सांगितले. तेच सांगायला नको होते.

६. येथे समितीच्या माहितीसाठी आमच्या भागातील एक रीत सांगणे आवश्यक आहे. संपानंतर काही गिरण्यांची काही खाती उघडली तेव्हा कामावर परत घेण्यापूर्वी गिरणीचा डॉक्टर छाती तपासत असे. फिट असेल तो आत, बाकीचे घरी. त्यामुळे तपासणीच्या आधी ‘फिट होऊन जाणे’ ही एक विद्याच आमच्याकडे तयार झाली. नाक्यावरच्या डॉक्टरकडून एक विशिष्ट इंजेक्शन घ्यायचे, रात्री भात खायचा नाही, अंथरुणाला पाठ टेकायची नाही, भिंतीला टेकून बसायचे, सकाळी पंपाचे फवारे एकामागून एक छातीत ओढायचे आणि डॉक्टरसमोर खोकला गिळायचा. रुग्णाने ही सर्व विद्या त्या वेळी वापरली होती आणि तो फिटही ठरला होता. मात्र तो ज्या खात्यात फिट ठरला ते खाते उघडलेच नाही. तरीही, साहेबासमोर छाती उघडायची तर फिट होऊनच जायचे, हे त्याच्या हाडीमासी खिळले आहे. त्यात यावेळी परीक्षा मुलीची.

७. माझ्या पाठीमागे सगळी चाळ कामाला लागली. तळमजल्यावरच्या गंगुबाईंनी आपला पंप उसना दिला. गणपतीत आरतीला शंख फुंकणाऱ्या दगडू घाडीने रुग्णाला गॅलरीत बसवून दम कसा धरावा आणि एका झटक्यात कसा सोडावा याची तालीम दिली. नाक्यावरच्या डॉक्टरने जुनेच इंजेक्शन टोचले. कुणी दाढी केली, कुणी शर्टाला इस्त्री केली. मी ड्यूटीसाठी पहाटेच घराबाहेर पडले होते, त्यामुळे मला यातले काहीच ठाऊक नव्हते. आपल्या फाटकाशी रुग्णाला सोडायला चाळीतली माणसे आली होती, त्यांनी नारळही फोडला, हे मला पहारेकऱ्याकडून नंतर कळले. शेजाऱ्यांना रुग्ण काय सांगत होता तेही कळले. त्याचे उद्गार जसेच्या तसे देते: “माझ्या चेडवाची परीक्षा आसा. मी नापास झालंय तर तिची लाज जायत.”

८. प्रात्यक्षिक आपल्यासमोरच झाले. रुग्णाने नळी तोंडात धरली. रुग्ण मध्येच दम सोडू नये म्हणून शेजारी उभे राहून ओरडणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. मी ओरडले, “फुंका! अजून! अजून! सोडू नका!” आणि लेखणी वर चढू लागली. ती चढली तेव्हाच मला सगळे कळले. तरी नियमाप्रमाणे मी ओरडत राहिले आणि रुग्ण फुंकत राहिला. अशी रेघ मी त्या माणसाची कधी पाहिली नव्हती. सदस्य माना डोलावू लागले. आपण स्वतः रुग्णाचा हात हातात घेऊन म्हणालात, “आजोबा, तुम्ही तर एकदम फिट!” त्यावर रुग्ण ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “साहेबांनू, मगे कामार कधी येवचा?”

सदस्य हसले. श्री. आगासकर तेवढे हसले नाहीत. सगळे हसताना पाहून रुग्णही हसला, आणि हसताना त्याने गिळलेला खोकला बाहेर येऊ लागला, तेव्हा मी त्याला दाराबाहेर नेले. खोकला दाराबाहेर झाला असल्यामुळे समितीच्या अभिलेखात त्याची नोंद नाही.

९. यावर समितीचा शेरा असा: “रुग्णाची श्वसनक्षमता वयोमानानुसार समाधानकारक. अर्जदाराचा पूर्वीचा अहवाल वस्तुस्थितीशी विसंगत व नातेसंबंधामुळे संशयास्पद.” या शेऱ्याची प्रत समितीने तत्परतेने भरपाई मंडळास पाठवली. समितीने इतकी तत्परता यापूर्वी कधी दाखवल्याचे मला आठवत नाही. मंडळाने माझ्या सहीचे सर्व अहवाल बाजूला काढले. म्हणजे पूर्वी माझी सही कच्ची होती, आता ती खोटी झाली. महोदय, मला राग आला आहे. हे सरकारी भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नाही म्हणून तसेच लिहिते. मला फार राग आला आहे.

१०. त्या संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा रुग्ण गॅलरीत उभा राहून पेढे वाटत होता. मी सर्वांसमक्ष त्याला स्पष्ट शब्दांत समज दिली की, तुम्ही पास झालात म्हणून मी नापास झाले, आणि माझ्याबरोबर तुमच्या खात्यातले सगळे नापास झाले, आता कुणाला दमडी मिळणार नाही. गॅलरीतल्या बऱ्याच जणांचे अहवाल माझ्याच सहीचे होते. ज्यांच्या तोंडात पेढा होता त्यांना तो गिळावा की काढावा हे कळेना. आई म्हणाली की हे घरात नेऊन हळू सांगता आले असते. आले असते. पण मी चाळीस वर्षे हळू बोलून पाहिले आहे. रुग्णाने उरलेले पेढे पुड्यात परत बांधले. इंजेक्शनचा अंमल उतरत चालला होता. मग म्हणाला, “मगे ह्या टायमाक नापास होतंय बग. तू तारीख आण.”

११. म्हणून मी फेरप्रात्यक्षिकासाठी अर्ज केला आणि आपल्या १७ ऑगस्टच्या पत्राने तो मंजूर झाला, याबद्दल आभारी आहे. अटी अशा: तोच रुग्ण आणावा, दुसरा चालणार नाही. तारीख कळवेपर्यंत रुग्णास श्वासाचे कोणतेही औषध देऊ नये. तसे हमीपत्र अर्जदाराने द्यावे. हमीपत्र मी त्याच दिवशी दिले. औषध किती दिवस बंद ठेवायचे हे पत्रात नव्हते, कारण तारीख लगेच मिळेल असे समितीला वाटले असावे. मलाही वाटले होते. पहिली तारीख गणपतीच्या आदल्या दिवसाची होती. लालबागच्या रस्त्यात गर्दी असल्याने सदस्य पोहोचणार नाहीत म्हणून ती रद्द झाली. रुग्ण त्याच रस्त्यावर राहतो आणि पोहोचला होता. दुसऱ्या वेळी आपण परिषदेला गेला होतात. त्यानंतर समितीच्या खोलीस रंग लावायचे काम निघाले. रंगाच्या वासाने रुग्णाच्या श्वासावर परिणाम होऊन निष्कर्ष दूषित होईल, असे आपण कळवले. शास्त्रीयदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे. रुग्णाच्या श्वासाची एवढी काळजी त्याच्या गिरणीनेही कधी केली नव्हती.

१२. या मधल्या काळातील रुग्णाची प्रगती पुढीलप्रमाणे. सुरुवातीस तो सार्वजनिक नळापर्यंत जाऊन बादली आणत असे. मग रिकामी बादली घेऊन जाऊ लागला. मग जाणे थांबले. आता तो आडवा होऊ शकत नाही. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून बसतो आणि तसाच पेंगतो. पूर्ण वाक्य बोलणे त्याने सोडून दिले आहे. एक शब्द, मग विश्रांती, मग दुसरा. रोज सकाळी तो मला एकच शब्द विचारतो: “तारीख?” विभागातले लहान यंत्र मी रीतसर परवानगी घेऊन घरी नेले आहे आणि दर रविवारी रेघ काढते. महोदय, इतकी स्वच्छ रेघ मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. पाठ्यपुस्तकात छापावी अशी आहे. ती जवळजवळ पूर्ण आडवी झाली आहे. मी ती रुग्णास दाखवली तेव्हा त्याने बोटाने चाचपून पाहिली आणि मान हलवली. त्याला समाधान वाटले असे मी समजते.

१३. हमीपत्राचा भंग करण्याचे दोन प्रयत्न झाले, तेही प्रामाणिकपणे कळवते. पहिला रुग्णाच्या पत्नीने, म्हणजे माझ्या आईने केला. शेवंती महादेव चिंदरकर, वाइंडिंग खात्यातली जुनी कामगार. संपानंतर ती घरीच खाणावळ चालवते, आणि कापूस व चुलीचा धूर यांमुळे तिलाही श्वासाच्या गोळ्या रोज लागतात. तिने पिठाच्या डब्यात पंप लपवला होता आणि मी कामावर गेल्यावर रुग्णाला देऊ पाहत होती. रुग्णाने तो घेतला नाही, तोंड फिरवले, हे तिनेच रडत रडत सांगितले. पंप मी ताब्यात घेतला. दुसरा प्रयत्न नाक्यावरच्या डॉक्टरांचा. हेच ते इंजेक्शनवाले. शेजाऱ्यांनी त्यांना बोलावून आणले. मी दारात उभी राहिले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही लेक आहात ना यांची?” मी त्यांना समितीचे पत्र दाखवले. ते त्यांनी दोनदा वाचले आणि बॅग उचलून जिना उतरले. तेव्हापासून चाळीत माझ्याशी कुणी बोलत नाही. काही कमी होत नाही. पूर्वीही ते माझ्याशी फक्त अहवालाचे काय झाले एवढेच बोलत असत.

१४. आता श्री. आगासकर यांच्याविषयी. गेल्या आठवड्यात ते आमच्या चाळीत आले. हातात लाडवांचा डबा होता. रुग्णाला गज धरून बसलेला पाहून ते खाली फरशीवरच बसले. त्यांच्या पँटची इस्त्री मोडली, तरी त्यांना भान राहिले नाही. मग मला म्हणाले, “चिंदरकरबाई, पंप द्या हो त्यांना. जागा तुमची. मी आजच लिहून देतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच आपल्याकडे माघारीचे पत्र दिले आहे. रुग्णालयात सर्वजण त्यांना देवमाणूस म्हणू लागले आहेत. देवमाणूस होणे श्री. आगासकर यांना सोयीचे आहे. त्यांच्या छातीत कापूस नाही, घरात कुणी गज धरून बसलेले नाही, आणि दिल्लीला न जाण्याने त्यांचे फारसे बिघडत नाही.

१५. ही माघार समितीने स्वीकारू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती स्वीकारली तर एकच उमेदवार उरेल, फेरप्रात्यक्षिकाची गरज राहणार नाही, आणि मला जागा मिळेल. पण माझा अहवाल खोटा असल्याचा शेरा तसाच राहील. दिल्लीहून शिकून आलेली खोटारडी, एवढाच काय तो फरक पडेल. मंडळ माझी सही तेव्हाही मानणार नाही. शिवाय सगळे म्हणतील की बाप मरायला टेकला म्हणून हिला जागा दिली. मला कुणाची कीव नको. मला ही जागा रेघेवर मिळवायची आहे. ती रेघ समितीने डोळ्यांनी पाहावी, आपण ज्या हाताने रुग्णाचा हात धरून फिट म्हणालात त्याच हाताने शेरा खोडावा, आणि मग जागा कुणाला द्यायची ती द्यावी. श्री. आगासकर यांना हे मी समजावून सांगितले. ते म्हणाले, “मग शेरा खोडेपर्यंत हे जगतील का?” मी त्यांना लाडवांचा डबा परत दिला.

१६. सबब विनंती अशी. तारीख याच आठवड्यात द्यावी, कारण रुग्ण आता पूर्ण तयार आहे आणि अशी तयारी फार काळ टिकत नाही, हे माझ्या विभागाचा अनुभव सांगतो. समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट अधिकाऱ्यांपुरतीच आहे. रुग्ण जिना चढू शकणार नाही. खुर्चीत घालून वर न्यायला चाळीतून आता कुणी येणार नाही. तरी त्या एका दिवसापुरते रुग्णास अधिकारी समजण्यात यावे. तसेच प्रात्यक्षिकाच्या वेळी रुग्णास कुणीही हसवू नये. हसण्याने दम वाया जातो, आणि त्याच्याजवळ एका वेळच्या फुंकण्यापुरताच दम शिल्लक आहे. तो त्याने जपून ठेवला आहे. काल रात्री आबा, म्हणजे रुग्ण, गज सोडून माझा हात शोधत होता. मी त्याला सांगितले की हात धरण्यात शक्ती घालवू नका.

१७. तारीख याच्याही पुढे गेल्यास ‘तोच रुग्ण’ ही अट पाळणे माझ्या हाती राहील असे वाटत नाही. तसे झाल्यास अट शिथिल करून राखीव रुग्ण म्हणून शेवंती महादेव चिंदरकर यांना सादर करण्याची परवानगी असावी. त्यांचा जुना अहवालही माझ्याच सहीचा असल्याने शेरा खोडण्यास तोही उपयोगी पडेल. परवानगी येईपर्यंत वेळ वाया जाऊ नये यासाठी त्यांची औषधे आजपासून बंद केली आहेत. त्यांना याबाबत काहीही सांगितलेले नाही. मागील खेपेस रुग्णास आगाऊ कल्पना दिल्यामुळे जो घोटाळा झाला, तो पुन्हा होऊ नये.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
गुणवंती महादेव चिंदरकर
वरिष्ठ वैज्ञानिक (अप्रशिक्षित), श्वासमापन विभाग
परळ, सोमवार, दि. १२ ऑक्टोबर १९८७

सोबत:
१. समितीच्या १७ ऑगस्टच्या पत्राची व माझ्या हमीपत्राची प्रत.
२. कालच्या रविवारची रेघ, मूळ कागद. घडी घालू नये.
३. रुग्णाचा पंप, लाखेने मोहोरबंद, हमीपत्र पाळल्याचा पुरावा म्हणून.
४. राखीव रुग्णाच्या गोळ्यांची बाटली. त्या ती सकाळपासून घरभर शोधत आहेत, तरी आपल्याकडे जपून ठेवावी.